रिमोटचा दिवा लागला म्हणजे अलार्म लागला असं नाही
बंद घरं, जाड चिरे आणि वायरलेस रिमोटचा खरा पल्ला

मे महिन्याची सुट्टी संपली, पहिला पाऊस झाला की कोकणातल्या आपल्या मोहल्ल्यांमधली घरं एकेक करून बंद व्हायला लागतात. कुणी मुंबई-मुंब्र्याला परततं, कुणी कुवेत, कतार, दुबईची वाट धरतं. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, मंडणगड, दापोली, खेड, राजापूर, कुठल्याही तालुक्यात जा, चांगली दोन मजली बांधलेली घरं दिसतात आणि त्यांच्या दाराला महिनोन्‌महिने कुलूप असतं. ज्या घरांना कुलूप नाही, त्यातल्या बऱ्याच घरांत एकटी अम्मी किंवा दादी असते.

म्हणून आता घराला अलार्म बसवण्याकडे लोकांचा कल वाढला आहे. बहुतेक जण वायरलेस किट घेतात. एक पॅनेल, दारा-खिडक्यांचे सेन्सर, एक सायरन आणि किल्लीच्या जुडग्यात अडकवायचे दोन रिमोट. बसवणारा माणूस तासा-दोन तासांत सगळं लावून जातो. खोक्यावर छापलेलं असतं, रिमोटचा पल्ला १०० मीटर. आणि मग फाटकापाशी, जेमतेम पंचवीस पावलांवर उभं राहून बटण दाबलं तर काहीच होत नाही.

दुकानदार म्हणतो बॅटरी बदला. शेजारी म्हणतो माल हलका आहे. कधी कधी दोघांचंही बरोबर असतं. पण बऱ्याच वेळा खरं कारण घराच्या भिंतीत आणि पॅनेलच्या जागेत असतं. ते समजून घेतलं तर जास्तीचा पैसा न घालवताही बरंच काम होतं. पल्ला म्हणजे नेमकं काय, तो घरात का आटतो आणि घर सोडण्यापूर्वी आपला आपण कसा तपासायचा, ते या लेखात पाहू.

आधी एक मोठा गैरसमज

रिमोटचं बटण दाबलं की त्यावरचा छोटा लाल किंवा निळा दिवा लुकलुकतो. आपण तो बघतो आणि गाडीत बसतो. मनात समाधान असतं की अलार्म चालू झाला.

साध्या किटमधले रिमोट एकतर्फी असतात. ते फक्त बोलतात, ऐकत नाहीत. दिवा लागला याचा अर्थ इतकाच की रिमोटने संदेश हवेत सोडला. पॅनेलने तो ऐकला की नाही, हे त्या रिमोटला कळण्याची सोयच नसते. तुम्ही पल्ल्याच्या आत असा की खेड स्टेशनवर असा, दिवा तसाच लागणार.

इथेच धोका आहे. पल्ला संपला म्हणून रिमोट ओरडत नाही, कुठला इशारा देत नाही. माणूस बटण दाबून निघून जातो आणि घर उघड्यासारखं राहतं. म्हणून पहिला नियम हा की खात्री पॅनेलकडून घ्यायची, रिमोटकडून नाही. सायरनची छोटी ‘टिक’ ऐकू आली, पॅनेलवरचा दिवा बदललेला दिसला किंवा मोबाईलवर मेसेज आला, तरच अलार्म लागला असं समजायचं. काही महागड्या सिस्टीममध्ये दुतर्फी रिमोट मिळतात. पॅनेलचं उत्तर आल्यावर त्यांच्यावर वेगळ्या रंगाचा दिवा लागतो किंवा आवाज होतो. ज्यांचं घर वर्षभर बंद राहणार आहे त्यांनी शक्य असेल तर असाच रिमोट घ्यावा.

खोक्यावरचे १०० मीटर कुठून आले?

तो आकडा अगदीच खोटा नसतो. पण तो मोकळ्या मैदानातला असतो. मध्ये भिंत नाही, झाड नाही, बॅटरी नवी कोरी, रिमोट हातात उंच धरलेला, पॅनेल समोर दिसतं आहे. अशा ठिकाणी संदेश जितका लांब पोचतो तो आकडा खोक्यावर छापतात. बारीक अक्षरात ‘मोकळ्या जागेत’ असं लिहिलेलंही असतं, आपण ते वाचत नाही.

आपल्याकडे मिळणारे बरेचसे रिमोट ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात. ४३३ ते ४३४ मेगाहर्ट्झ हा पट्टा भारतात कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवान्याशिवाय खुला आहे. पण परवाना नाही म्हणून शक्तीलाही मर्यादा आहे. असा रिमोट साधारण १० मिलीवॉट किंवा त्याहून कमी शक्तीने बोलतो. घरातला ९ वॉटचा एलईडी बल्ब जितकी वीज घेतो, तिच्या ९०० पट कमी. इतक्या बारीक आवाजाला भिंतीपलीकडून ऐकायचं असतं.

त्यात अंतराचा हिशेब आपल्याला वाटतो तसा सरळ नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की पोचणारी शक्ती निम्मी होत नाही, चौथा हिस्सा उरते. अंतर तिप्पट झालं तर नववा हिस्सा. म्हणून रिमोटची शक्ती दुप्पट केली तरी पल्ला दुप्पट होत नाही. त्यासाठी चौपट शक्ती लागते. ‘जास्त पॉवरचा रिमोट द्या’ म्हणून फार काही साधत नाही, ते यामुळेच.

एक भिंत किती खाते?

समजा एखादी भिंत आलेल्या शक्तीपैकी निम्मी खाते. मग १०० मीटरचा पल्ला ७० मीटरवर येतो. हे चालून जाईल. पण भिंत जाड आहे, ओली आहे किंवा तिच्यात लोखंड आहे आणि ती दहापैकी नऊ हिस्से खाते असं धरा. आता पल्ला ३२ मीटरच्या आसपास उरतो. अशा दोन भिंती मध्ये आल्या तर १० मीटर. खोक्यावरचे १०० मीटर बघता बघता एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाण्याइतके होतात. माल तोच, बॅटरी तीच.

भिंत तिरकी ओलांडावी लागली तर संदेशाला तिच्या आतून जास्त लांब जावं लागतं. पॅनेल घराच्या एका कोपऱ्यात असेल आणि तुम्ही फाटकावर तिरके उभे असाल, तर नऊ इंचांची भिंत त्याच्यासाठी पंधरा इंचांची होते.

आपल्या गावच्या घरांत नेमक्या कुठल्या गोष्टी आड येतात ते बघू.

चिऱ्याची भिंत. जांभा दगड सच्छिद्र असतो आणि त्यात लोह असतं. कोरड्या चिऱ्यातून संदेश बऱ्यापैकी जातो, पण भिंत जाड असल्यामुळे घट ही येतेच. खरा फरक पावसाळ्यात पडतो. चिरा पाणी धरून ठेवतो आणि ओल्या भिंतीत रेडिओचा संदेश जास्त शोषला जातो. हवेत पडणाऱ्या पावसाने ४३३ मेगाहर्ट्झच्या संदेशाला काही होत नाही, मुरलेल्या ओलीने होतं. मे महिन्यात फाटकावरून छान चालणारा रिमोट जुलैमध्ये ओटीवरूनच चालतो, त्याचं एक कारण हे आहे.

स्लॅब. आरसीसीच्या स्लॅबमध्ये सळ्यांची जाळी असते. वरच्या मजल्यावर पॅनेल आणि खाली रिमोट, किंवा उलट, अशी मांडणी असली की या जाळीतून वाट काढावी लागते.

पत्रा आणि शटर. धातूच्या अखंड पत्र्यातून संदेश आरपार जात नाही. तो वळसा घालून, उघड्या फटीतून किंवा खिडकीतून येतो. गाळ्याचं लोखंडी शटर, पत्र्याची पडवी, लोखंडी कपाट, पाण्याची स्टीलची टाकी, छपराखाली लावलेला चंदेरी फॉइलचा थर, हे सगळे याच जातीचे. फ्लॅटमधल्या वाचकांनी आपला लोखंडी सेफ्टी डोअर आठवावा. दार बंद करून बाहेर लॉबीत उभं राहून रिमोट दाबतो तेव्हा मध्ये तोच असतो.

वायफायवर चालणारे सेन्सर घेतले तर हा त्रास आणखी वाढू शकतो. वायफाय आणि तत्सम बरीच उपकरणं २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. तिथं लहर १२-१३ सेंटिमीटरची असते, तर ४३३ वर ती ६९ सेंटिमीटरची. जाड भिंतीतून लांब लहर सहसा बरी जाते.

एक वीत सरकलं की चालतं, ते का?

हा अनुभव पुष्कळांना आहे. एका जागी उभं राहून दहा वेळा दाबलं तरी काही नाही, वीतभर बाजूला झालं की लगेच चालतं. लोक याला रिमोटचा लहरीपणा म्हणतात.

घरात संदेश एकाच वाटेने येत नाही. थोडा सरळ येतो, थोडा समोरच्या भिंतीवर आपटून, थोडा कपाटावरून. या लहरी काही ठिकाणी एकमेकींना जोर देतात आणि काही ठिकाणी एकमेकींना मारतात. जिथं मारतात ती जागा मुकी होते. लहर ६९ सेंटिमीटरची असल्यामुळे मुक्या आणि बोलत्या जागा एकमेकींपासून वीत-दीड वीत अंतरावरच असतात. म्हणून एका जागी एकदा चाललं यावर भरवसा ठेवता येत नाही, आणि एका जागी एकदा नाही चाललं म्हणून सिस्टीम वाईट असंही ठरत नाही.

पॅनेल कुठं आहे, यावर निम्मा खेळ

पल्ला म्हटलं की आपण रिमोटकडे बघतो. पण रिमोट लहान आहे, त्याचा अँटेना सर्किटवरची एक छोटी पट्टी आहे, त्यात आपण फारसं काही करू शकत नाही. सुधारणा करायची ती ऐकणाऱ्या बाजूला, म्हणजे पॅनेलला.

बसवणारा माणूस पॅनेल जिथं प्लग पॉइंट आहे तिथं लावतो. बऱ्याच घरांत ती जागा म्हणजे मीटरच्या बोर्डाशेजारी, इन्व्हर्टरच्या वर किंवा लोखंडी कपाटाच्या मागे. ऐकण्यासाठी याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही. पॅनेल घराच्या साधारण मध्यभागी, डोक्याच्या उंचीच्या वर आणि मोठ्या धातूपासून दूर असावं. चोराला दिसू नये म्हणून लपवायचं असेल तर लाकडी कपाटात लपवा, लोखंडी कपाटात नको.

पॅनेलमधून बाहेर आलेली छोटी वायर किंवा दांडी हा त्याचा कान आहे. ती गुंडाळून आत कोंबलेली किंवा कापलेली असेल तर पल्ला लगेच घटतो. ४३३ मेगाहर्ट्झसाठी साध्या वायरच्या अँटेनाची लांबी सुमारे १७ सेंटिमीटर असते, लहरीच्या चौथ्या हिश्श्याइतकी. ती सरळ, मोकळी आणि भिंतीला न चिकटता राहू द्या. कुणी हौसेने ती एक मीटर केली तर पल्ला वाढेल असं नाही, उलट बिघडू शकतो.

गोंगाटाचाही विचार करा. शांत खोलीत कुजबुज ऐकू येते, लग्नाच्या मांडवात येत नाही. स्वस्त एलईडी बल्ब, मोबाईलचे हलके चार्जर, इन्व्हर्टर, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर ही उपकरणं रेडिओचा गोंगाट करतात. पॅनेल त्यांच्यापासून दोन-तीन हात दूर असलं तरी फरक पडतो. शिवाय याच ४३३ च्या पट्ट्यात गाड्यांचे रिमोट, फाटकांचे रिमोट, वायरलेस बेल असतात. शेजारच्या एखाद्या रिमोटचं बटण सोफ्याच्या फटीत दाबून राहिलं तर तेवढा वेळ तुमचं पॅनेल बहिरं होऊ शकतं. मुंब्रा, कुर्ला, मीरा रोडसारख्या दाट वस्तीत हे जास्त संभवतं.

आता राहिली बॅटरी. रिमोटमध्ये बहुधा १२ व्होल्टची छोटी २३ए किंवा २७ए बॅटरी असते, किंवा ३ व्होल्टचा सीआर२०३२ हा बटणसेल. बॅटरी उतरली तरी दिवा लागतो, पण संदेशाचा जोर कमी होतो. दोन्ही १२ व्होल्टच्या बॅटऱ्या दिसायला सारख्या, पण आकाराने लहान-मोठ्या असतात, म्हणून जुनी सोबत नेऊनच नवी घ्या. खाडीकाठच्या आणि समुद्राकाठच्या गावांत खारी हवा पितळेच्या पट्ट्यांवर गंज चढवते. बॅटरी बदलताना त्या पट्ट्या कोरड्या कापडाने पुसून घ्या.

अम्मीच्या हातातलं बटण

रिकाम्या घराचा अलार्म चुकला तर माल जाईल. पण म्हाताऱ्या माणसाला दिलेलं मदतीचं बटण पोचलं नाही, तर प्रश्न जिवाचा आहे.

परदेशातला मुलगा अम्मीच्या गळ्यात एक लॉकेटसारखं बटण देतो. पडलात, छातीत दुखलं तर हे दाबा, सायरन वाजेल, शेजारची खाला धावत येईल, मला फोन येईल. बसवणारा हॉलमध्ये उभा राहून एकदा दाबून दाखवतो, सायरन वाजतो, सगळे खूश. पण म्हातारी माणसं हॉलमध्ये कमी पडतात. ती पडतात न्हाणीत, मागच्या दाराच्या पायरीवर, रात्री संडासला जाताना, विहिरीच्या कट्ट्याजवळ. जुन्या घरांत न्हाणी आणि संडास मागच्या बाजूला असतात, पॅनेलपासून सगळ्यात लांब, मध्ये दोन-तीन भिंती, आणि त्या भिंती कायम ओल्या.

आणखी एक गोष्ट. पडलेलं माणूस बटण जमिनीपासून वीतभर उंचीवर, अंगाखाली दाबून धरतं. माणसाचं शरीर पाण्याने भरलेलं आहे, ते संदेश शोषतं. जमिनीलगत पल्ला तसाही घटतो. उभं राहून चाललेलं बटण पडल्यावर चालेलच असं नाही.

म्हणून हे बटण तपासायचं तर न्हाणीत जमिनीवर बसून, बटण मुठीत धरून, दार बंद करून तपासा. तिथून चाललं तर घरात बहुतेक सगळीकडून चालेल. नाही चाललं तर न्हाणीच्या दाराबाहेर रिपीटर लावा किंवा न्हाणीत जमिनीपासून हातभर उंचीवर वायरने जोडलेलं साधं पुश बटण बसवा. वायरला पल्ल्याची अडचण नसते. अम्मीला दिवा दाखवू नका, आवाज ऐकायला शिकवा. ‘सायरन वाजेपर्यंत दाबत राहायचं’ एवढं एकच वाक्य त्यांच्या लक्षात राहिलं तरी पुरे.

घर कसं तपासायचं

यासाठी यंत्र लागत नाही. दोन माणसं, दोन मोबाईल आणि एक कागद पुरतो.

आधी शेजारपाजारी सांगून ठेवा की तपासणी चालू आहे, नाहीतर मोहल्ला गोळा होईल. एक जण पॅनेलसमोर उभा राहील आणि फोनवर राहील. दुसरा रिमोट घेऊन फिरेल. घराचा साधा नकाशा कागदावर काढा आणि जिथून बटण दाबायची वेळ येऊ शकते अशा जागांवर खुणा करा. फाटक, गाडी उभी राहते ती जागा, ओटी, पडवी, स्वयंपाकघर, वरची खोली, न्हाणी, मागचं दार.

प्रत्येक जागी दहा वेळा दाबा, प्रत्येक वेळी वीतभर सरकून. पॅनेलवाल्याने किती वेळा प्रतिसाद आला ते मोजायचं. दहापैकी दहा आले तर ती जागा पास. नऊ आले तरी नापास समजा. कोरड्या दिवसातले नऊ ओल्या दिवसात पाच होतात.

तपासताना परिस्थिती मुद्दाम वाईट ठेवा. दारं-खिडक्या बंद, इन्व्हर्टर आणि दिवे चालू, रिमोट कमरेच्या उंचीला मुठीत. मोकळ्या दारातून हात उंच करून दाबलं तर सगळीच घरं पास होतात. घरात राहणारं कुणी असेल तर हीच तपासणी भर पावसाळ्यात, भिंती मुरल्यावर पुन्हा एकदा करा.

दारा-खिडक्यांचे सेन्सरही असेच तपासायचे. तेही रेडिओवरच बोलतात. प्रत्येक दार, प्रत्येक खिडकी उघडून बघा. साधे सेन्सर दार उघडलं तेव्हाच संदेश पाठवतात, एरवी गप्प असतात. त्यामुळे सेन्सर जिवंत आहे की बॅटरी संपून मेला आहे, हे पॅनेलला कळत नाही. बऱ्या सिस्टीममधले सेन्सर ठरावीक वेळाने हजेरी लावतात आणि हजेरी चुकली की पॅनेल कळवतं. घर लांबच्या मुदतीसाठी बंद राहणार असेल तर खरेदी करताना हा प्रश्न नक्की विचारा.

पल्ला कमी पडला तर

उपाय याच क्रमाने करा, कारण पहिल्या तिघांना जवळपास खर्च नाही.

एक, बॅटरी बदला आणि पट्ट्या पुसा. दोन, पॅनेलचा अँटेना मोकळा करा. तीन, पॅनेलची जागा बदला, फाटकाच्या दिशेला असलेल्या खिडकीजवळ पण बाहेरून दिसणार नाही अशी. भिंतीपेक्षा काचेतून संदेश सहज जातो.

चार, रिपीटर. हे यंत्र संदेश ऐकतं आणि पुन्हा तोच संदेश जोराने सोडतं. ते जिथं सिग्नल पोचत नाही तिथं लावायचं नसतं. जिथपर्यंत व्यवस्थित पोचतो तिथं, मधल्या जागी लावायचं. त्याला स्वतःची वीज लागते, म्हणून आत बॅटरी असलेला रिपीटर घ्या. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन-मुरूडकडच्या कितीतरी गावांत कित्येक दिवस वीज नव्हती, हे आपण विसरलेलो नाही.

पाच, वायर. मागची खोली, गोठा, गाडीची शेड अशा वेगळ्या बांधकामांना वायरलेसचा हट्ट धरू नका. पॅनेलला वायरचा झोन असेल तर वायर ओढा.

बाहेरून रिमोट दाबण्याची सवयच सोडणं हाही एक चांगला उपाय आहे. बऱ्याच पॅनेलमध्ये बाहेर पडायला आणि आत यायला काही सेकंदांची सवलत ठेवता येते. पॅनेलसमोर उभं राहून अलार्म लावायचा आणि तेवढ्या वेळात कुलूप लावून बाहेर पडायचं. मग फाटकापर्यंतच्या पल्ल्याची गरजच राहत नाही.

लांब पल्ला नेहमीच चांगला नसतो

पल्ला जितका लांब, तितका तुमचा संदेश लांबवर ऐकू जातो, आपल्यालाही आणि परक्यालाही. स्वस्त किटचे रिमोट दर वेळी तोच ठरलेला कोड पाठवतात. असा कोड रस्त्यावरून पकडून पुन्हा वाजवता येतो आणि अलार्म बंद करता येतो. बदलत्या कोडच्या रिमोटमध्ये दर दाबाला नवा कोड असतो, जुना वाजवून उपयोग होत नाही. घेताना बदलत्या कोडचाच घ्या.

त्याची एक गंमत मात्र माहीत असावी. केलॉक नावाच्या प्रचलित पद्धतीत रिमोट आणि पॅनेल एकाच मोजणीवर चालतात. मुंबईत मुलांनी खेळता खेळता बटण पुष्कळ वेळा दाबलं आणि रिमोट १६ दाबांपेक्षा पुढे गेला, तर गावी गेल्यावर पहिला दाब पॅनेल मानत नाही. बिघडलं म्हणून घाबरू नका, जवळ जाऊन लागोपाठ दोनदा दाबा, मोजणी जुळते.

रिमोट हरवला तर नवा घेऊन थांबू नका. पॅनेलच्या स्मरणातून सगळे रिमोट पुसा आणि हाती आहेत तेवढेच पुन्हा शिकवा. हरवलेला रिमोट ज्याला सापडेल त्याला तुमच्या घराचा पल्ला आयता मिळालेला असतो.

आखातातून किट आणताय?

तिकडे स्वस्त मिळतं म्हणून बरेच जण बॅगेत टाकून आणतात. आणण्याआधी खोक्यावरचा आकडा वाचा. युरोपसाठी बनवलेली बरीच उपकरणं ८६८ मेगाहर्ट्झवर चालतात, अमेरिकेसाठीची ३१५, ३४५ किंवा ९१५ वर. भारतात परवान्याशिवाय खुले असलेले पट्टे वेगळे आहेत. ४३३ ते ४३४, ८६५ ते ८६८ आणि २.४ गिगाहर्ट्झ हे त्यातले मुख्य. वेगळ्या पट्ट्यातलं उपकरण इथं नियमात बसत नाही. शिवाय पुढे रिमोट हरवला तर इथल्या बाजारात मिळणारा ४३३ चा रिमोट ३१५ च्या पॅनेलला कधीच चालणार नाही. विक्रेत्याकडे दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची मान्यता आहे का, एवढं विचारायला हरकत नाही.

दूर देशी बसलेल्यांसाठी रिमोटचा पल्ला कामाचा नाही, त्यांच्यासाठी पॅनेलमधलं सिम कामाचं आहे. जुनी बरीच पॅनेल फक्त टूजीवर चालतात. जिओचं टूजी जाळं नाही, त्यामुळे त्यात जिओचं सिम चालत नाही. सिम कुठल्याही कंपनीचं असो, रिचार्जची तारीख घरातल्या एका माणसाने आपल्या नावावर घ्यावी. रिचार्ज संपला की सायरन रिकाम्या मोहल्ल्यात एकटाच वाजतो.

निघण्याआधी

बॅटऱ्या बदलल्या का? प्रत्येक दाराचा सेन्सर उघडून बघितला का? फाटकावरून दहापैकी दहा आले का? सिमचा रिचार्ज परत येण्याच्या तारखेपुढचा आहे का? वीज गेल्यावर पॅनेल किती तास टिकतं ते मेन स्विच बंद करून एकदा पाहिलं का? मागे राहणाऱ्या शेजाऱ्याकडे चावी आहे, पण सायरन कसा बंद करायचा ते त्याला माहीत आहे का? आणि अम्मी एकटी राहणार असेल तर न्हाणीतून बटण दाबून बघितलं का?

एवढं सगळं करायला अर्धा दिवस लागतो. तो सुट्टीच्या शेवटच्या धावपळीत मिळत नाही, म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधीच काढा. काही कमी पडलं तर बाजारात जाऊन आणायला तेवढा वेळ हाताशी राहतो.